मिलवॉकीचा ‘धिस इज इट’ : एका गे बारच्या सत्तावन्न वर्षांचा हिशेब

मार्च २०२५मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला ‘धिस इज इट’ नावाचा बार बंद झाला. मालकांनी दिलेली कारणं कुठल्याही हॉटेलवाल्याला तोंडपाठ असतील अशी होती. कोविडच्या काळात पाच वेळा शटर खाली ओढावं लागलं, त्यात साचलेली देणी फिटली नाहीत, आणि २०२४च्या उन्हाळ्यात, ऐन धंद्याच्या दिवसांत, दारासमोरचा रस्ता कामासाठी सुमारे चार महिने बंद राहिला. बस्स, इतकंच.

हा बार उघडला १९६८ साली. तेव्हा तिथे बसणाऱ्या बहुतेकांचं खासगी आयुष्य विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्याने गुन्हा होतं. पुढे तो गुन्हा पुस्तकातून गेला, एड्स आला, शहरातले कारखाने एकामागून एक बसले, एका खुन्याने गे बारमधून पोरं हेरून मारली, लग्नाचा हक्क आधी नाकारला गेला आणि मग मिळाला. या सगळ्यातून बार तरला आणि शेवटी रस्त्याच्या कामात अडकला.

गे बारविषयीचं लिखाण सहसा दोनच सुरांत येतं. एक पोवाड्याचा, दुसरा तेराव्याचा. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण धंदा म्हणून या जागांकडे फारसं कोणी पाहत नाही. मला या प्रकरणात तेच पाहायचं आहे: आजूबाजूचे तालेवार बार विशी-तिशीत आटोपले, तेव्हा हा लहानसा बार सत्तावन्न वर्षं कशाच्या बळावर टिकला, आणि जे बळ इतकी वर्षं पुरलं ते शेवटच्या पाच वर्षांत का पुरलं नाही.

यंत्रांचं आणि बिअरचं शहर

मिशिगन तलावाच्या पश्चिम काठावरचं मिलवॉकी एकेकाळी ‘जगाचं मशीन शॉप’ म्हणवून घेत असे. ते पोकळ नव्हतं. ॲलिस-चाल्मर्सचे टर्बाइन आणि ट्रॅक्टर, ब्युसायरसची खोदयंत्रं (पनामा कालवा खणायला यांचीच वाफेवरची फावडी गेली होती), फॉकचे गिअर, ए. ओ. स्मिथच्या मोटारींच्या चासी, १९०३पासून हार्ले-डेव्हिडसन. शिवाय बिअर: श्लिट्झ, पॅब्स्ट, मिलर, ब्लॅट्झ. जर्मन आणि पोलिश कामगारांचं हे शहर १९६०मध्ये ७,४१,३२४ वस्तीवर पोचलं होतं. २०२०च्या शिरगणतीत आकडा ५,७७,२२२ निघाला. मधल्या साठ वर्षांत काय झालं असेल ते या दोन आकड्यांवरून कळतं.

अशा गावात टॅव्हर्न म्हणजे दारूचं दुकान एवढाच अर्थ नसतो. आपल्याकडे ‘बार’ म्हटलं की परमिट रूमचा काळा पडदा डोळ्यांसमोर येतो. तो आधी बाजूला सारायला हवा. मिलवॉकीत पूर्वी बिअर कंपन्यांनी स्वतःच कोपऱ्याकोपऱ्यावर टॅव्हर्न काढून दिले होते, कारखान्याच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. पाळी सुटली की माणूस आधी तिथे जाई, मग घरी. शुक्रवारी तळलेला मासा खायला बायकापोरंही येत. लग्नाच्या वाटाघाटी, युनियनच्या बैठका, नोकरीचा शब्द टाकणं, सगळं तिथेच.

तिथले रिवाजही खास आहेत. विस्कॉन्सिनमध्ये ‘ओल्ड फॅशन्ड’ मागितली तर व्हिस्की येत नाही, ब्रँडी येते. ग्लासच्या तळाला साखरेचा खडा, त्यावर अंगोस्टुराचे कडू थेंब, संत्र्याची फोड आणि लालभडक चेरी. हे सगळं लाकडी दांड्याने चेचायचं, बर्फ, ब्रँडी, आणि वर सोडा. कुठला सोडा, हे गिऱ्हाइकाला एका शब्दात सांगता आलं पाहिजे: ‘स्वीट’ म्हणजे सेव्हन-अप, ‘सावर’ म्हणजे आंबटसर, ‘प्रेस’ म्हणजे अर्धं सेव्हन-अप अर्धा साधा सोडा. ज्याला हा शब्द येत नाही तो बाहेरगावचा. बारवर चामडी पेल्यात पाच फासे खुळखुळवून दाणकन उपडे मारायचे, हरेल त्याने सगळ्यांना पाजायचं. आणि भिंतीवरचं घड्याळ पंधरावीस मिनिटं पुढे. त्याला ‘बार टाइम’ म्हणतात. कायद्याने दोनला, शुक्रवारी-शनिवारी अडीचला बंद करायचं असतं. गिऱ्हाइकं वेळेत उठावीत म्हणून घड्याळच पुढे ढकललेलं.

हे एवढं सांगायचं कारण असं, की मिलवॉकीतला गे बार आधी टॅव्हर्न होता आणि मग गे. न्यूयॉर्कच्या क्लबांचं माप इथे लावलं की गल्लत होते.

आधीची वीस वर्षं

‘धिस इज इट’ शहरातला पहिला नव्हता. स्टेट स्ट्रीटवरचा ‘मिंट बार’ १९४९पासून चालत होता. आणि प्लँकिंटन ॲव्हेन्यूवर ‘ब्लॅक नाइट’ होता, ज्याचं नाव आता शहराच्या इतिहासात पक्कं झालं आहे.

५ ऑगस्ट १९६१च्या रात्री चार सैनिक पैज लावून ‘ब्लॅक नाइट’मध्ये शिरले. दारावरच्या माणसाने ओळखपत्र मागितलं, त्यावरून जुंपली. तिथे जोसी कार्टर होती: कृष्णवर्णीय, कायद्याच्या कागदावर पुरुष, वावर बाईचा. तिने बिअरची बाटली उचलली आणि घातली एकाच्या डोक्यात. सैनिक पळाले, पण थोड्या वेळाने साथीदार घेऊन परत आले. तोवर आतल्या माणसांना निसटायला सवड होती. त्यांनी निसटायचं नाही असं ठरवलं. पाऊणशे गिऱ्हाइकं अंगावर धावून गेली. बारची मोडतोड झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. गे चळवळीची सुरुवात मानली जाते त्या न्यूयॉर्कच्या ‘स्टोनवॉल’ बारमधल्या दंगलीला अजून आठ वर्षं अवकाश होता. या घटनेला बरीच वर्षं गावाबाहेर कोणी ओळखतही नव्हतं. जोसी २०१४मध्ये वारली. घटनेचा फलक लागायला २०२२ उजाडलं. बार मात्र १९६६लाच गेला होता, इमारतीसकट.

‘ब्लॅक नाइट’ लढला आणि पाच वर्षांत नाहीसा झाला. ‘धिस इज इट’च्या नावावर अशी एकही लढाई नाही, आणि तो सत्तावन्न वर्षं चालला. यातून ‘लढू नये’ असा अर्थ कोणी काढू नये. जागा टिकवण्याचं काम आणि लढाईचं काम वेगळं असतं, दोन्हींना वेगळी माणसं लागतात, एवढंच.

१९६८: ज्यून ब्रेमचा बार

त्या वर्षी मिलवॉकी कशातून जात होतं ते थोडक्यात. ऑगस्ट १९६७पासून फादर जेम्स ग्रोपी आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या युवकांनी घरांच्या व्यवहारातला वर्णभेद बंद व्हावा म्हणून सलग २०० रात्री मोर्चे काढले होते. पोलीसप्रमुख होता हॅरॉल्ड ब्रायर, १९६४ ते १९८४ खुर्चीवर. त्या पदाला मुदत नव्हती, त्यामुळे ब्रायरला हलवणं महापौराच्याही हातात नव्हतं. त्याच्या खात्यातलं नीतिरक्षक पथक साध्या कपड्यांत हिंडून समलिंगी पुरुषांना जाळ्यात ओढायचं काम नेमाने करत असे.

आणि बारवाल्याच्या डोक्यावर आणखी एक तलवार: परवाना. तो दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो, आणि देते नगर परिषद. भागातल्या नगरसेवकाने नाक मुरडलं की संपलं. म्हणजे बार बंद पाडायला छापा घालायचीही गरज नाही. मारामाऱ्यांच्या नोंदी, शेजाऱ्यांची तक्रार, अल्पवयीन मुलाला दारू दिल्याचा एखादा ठपका पुरतो.

या वातावरणात ज्यून ब्रेम नावाच्या बाईने ४१८, ईस्ट वेल्स स्ट्रीटवर बार उघडला. ती स्वतः समलिंगी नव्हती. पुष्कळ शहरांत त्या काळी गे बारच्या मागे गुंडांच्या टोळ्यांचा पैसा असे: पाणी घातलेली दारू, पोलिसांना हप्ता, गिऱ्हाइकांवर मुजोरी. इथे गल्ल्यावर मालकीण स्वतः. पुढची चाळीसेक वर्षं बार ब्रेम कुटुंबाकडेच राहिला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुलगा जो तिच्या जोडीला आला.

जागा नकाशावर बघण्यासारखी आहे. त्याच वेल्स स्ट्रीटवर पश्चिमेला दोन-तीन चौक गेलं की १८९५ची नगरपालिकेची भव्य इमारत, जिथे परवान्यांवर शिक्के बसतात. पूर्वेला काही पावलांवर कॅथेड्रल स्क्वेअरची बाग, आणि बागेपलीकडे सेंट जॉन कॅथेड्रल, मिलवॉकीच्या आर्चबिशपांचं पीठ. दक्षिणेला फिस्टर हॉटेल, १८९३पासून शहरातलं सर्वांत खानदानी. शहरातले बहुतेक गे बार मात्र थर्ड वॉर्ड आणि वॉकर्स पॉइंटमध्ये, गोदामांच्या आणि कारखान्यांच्या गल्ल्यांत. तिथे भाडं कमी, आणि संध्याकाळी पाळी सुटली की रस्त्यावर बघायलाही कोणी नाही.

‘धिस इज इट’ कचेऱ्यांच्या मधोमध होता. माझ्या मते टिकण्याचं अर्धं गुपित इथे आहे. पाचला कचेरी सुटली की कोट-टाय घातलेला माणूस वेल्स स्ट्रीटवरून चालताना दिसला, तर त्यात वावगं काय? तो कुठेही जात असू शकतो. गोदामांच्या गल्लीत रात्री अकराला दिसणाऱ्या माणसाला मात्र ‘इथे कसा?’ हा प्रश्न चिकटतो. लपायला काळोख लागतो असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा गर्दी जास्त कामाला येते. शिवाय सहाचं गिऱ्हाईक हे रोजचं गिऱ्हाईक. शनिवारी रात्री नाचायला येणारा पोरगा पुढच्या वर्षी नव्या डिस्कोत जातो. मंगळवारी संध्याकाळी दोन ब्रँडी घेऊन घरी जाणारा माणूस वीस वर्षं येतो.

नावाचंही पाहा: ‘हेच ते’. पाटीवर काहीच कबूल केलेलं नाही, आणि ज्याला शोधत यायचं आहे त्याला सगळं सांगितलेलं आहे.

बागेपलीकडचं चर्च

इथे जरा वाट सोडून. १९८२ साली विस्कॉन्सिन हे लैंगिक कलावरून नोकरीत, घरात, सार्वजनिक जागांत भेदभाव करायला बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. कॅलिफोर्निया नाही, न्यूयॉर्क नाही; दुधाचं आणि बिअरचं विस्कॉन्सिन. विधेयक रेटलं मॅडिसनच्या डेव्हिड क्लॅरेनबाखने, त्याआधी मिलवॉकीचा कृष्णवर्णीय आमदार लॉइड बार्बी याने असे प्रयत्न करून पाहिले होते. २५ फेब्रुवारी १९८२ला सही केली गव्हर्नर ली ड्रायफसने, जो रिपब्लिकन होता. सरकारने माणसाच्या खासगी आयुष्यात शक्य तितकं कमी नाक खुपसावं, असा त्याचा युक्तिवाद. पुढच्याच वर्षी संमतीचे संबंध गुन्ह्यांच्या यादीतून गेले. (आपल्याकडे ३७७चं ते कलम सैल व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडलं.)

या कायद्याला पाठिंबा देणाऱ्यांत धर्मगुरूही होते, आणि त्यांतला वजनदार माणूस म्हणजे मिलवॉकीचे आर्चबिशप रेम्बर्ट वीकलँड. त्यांचं कॅथेड्रल बारपासून चालत दोन मिनिटांवर. २००२मध्ये वीकलँडना पायउतार व्हावं लागलं: एका पुरुषाशी असलेल्या जुन्या प्रकरणात, त्याने गप्प राहावं म्हणून चर्चच्या तिजोरीतून साडेचार लाख डॉलर दिले गेल्याचं उघड झालं. मुलांचं शोषण करणाऱ्या पाद्र्यांना पाठीशी घातल्याचा डागही त्यांच्यावर आहे, आणि तो पुसता येणारा नाही. २००९मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं की आपण समलिंगी आहोत.

बागेच्या एका अंगाला जिथे हे उघड होतं ती जागा, दुसऱ्या अंगाला जिथे ते जन्मभर मिटून ठेवलं गेलं ती. मधे बाकडी आणि झाडं. यावर मी आणखी काही म्हणत नाही.

पडझडीची वर्षं

कायदा बदलला त्याच सुमारास शहराची कंबर मोडत होती. श्लिट्झची भट्टी १९८१मध्ये थंडावली. ॲलिस-चाल्मर्स १९८७मध्ये दिवाळखोरीत गेली. पॅब्स्टने १९९६मध्ये मिलवॉकी सोडलं. कारखान्याच्या फाटकावर जगणारे कोपऱ्यावरचे टॅव्हर्न त्याबरोबर गेले. डाउनटाउनमधल्या बारचं गिऱ्हाईक वकिलांच्या, विम्याच्या, बँकांच्या कचेऱ्यांतून येत होतं. त्या पगारांना इतक्या लवकर धक्का लागला नाही.

मग एड्स. मिलवॉकीचं नशीब इतकंच, की गे पीपल्स युनियन या संघटनेच्या मंडळींनी १९७४पासूनच गुप्तरोग तपासणीचं केंद्र चालवलं होतं, पुढे ते ब्रॅडी स्ट्रीटवर ‘बेस्टडी क्लिनिक’ म्हणून रुजलं. रक्त कुठे तपासायचं हे लोकांना ठाऊक होतं. पण औषध नव्हतं. रोजची गिऱ्हाइकं हाच ज्या बारचा पाया, तिथे ठरलेलं एखादं स्टूल एक दिवस रिकामं राहतं ते कायमचंच.

आणि २२ जुलै १९९१. जेफ्री डामर या चॉकलेट कारखान्यातल्या कामगाराच्या घरात जे सापडलं त्याची वर्णनं जगभर छापून आली. ती इथे नकोत. सतरा खून, बहुतेक बळी तरुण आणि कृष्णवर्णीय, त्यांतले अनेक त्याला गे बारमध्ये किंवा बारच्या बाहेर भेटलेले, विशेषतः वॉकर्स पॉइंटमधल्या ‘क्लब २१९’च्या आसपास. या प्रकरणातली जी गोष्ट मिलवॉकीचे लोक विसरत नाहीत ती २७ मेच्या रात्रीची आहे. चौदा वर्षांचा एक लाओशियन मुलगा नग्न, गुंगीत, रस्त्यावर धडपडत होता. शेजारच्या कृष्णवर्णीय मुलींनी पोलिसांना बोलावलं, परोपरीने सांगितलं. पोलिसांनी डामरचं ऐकलं: हा माझा मित्र आहे, आमचं आपसातलं भांडण आहे. समलिंगींच्या घरगुती भांडणात कशाला पडा, असं म्हणत त्यांनी मुलाला त्याच्या हवाली केलं. मुलगा त्याच रात्री मारला गेला, आणि त्यानंतर आणखी चौघे. ब्रायर जाऊन सात वर्षं झाली होती. ब्रायरने घडवलेली नजर गेली नव्हती.

अनोळखी माणसाशी बोलायला जिथे जायचं, तिथेच अनोळखी माणसाची भीती बसली. अशा वेळी ज्या बारमध्ये बारमागच्या माणसाला प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाची ब्रँडी पाठ असते, त्याचं मोल वेगळंच ठरत असणार.

इतरांचं काय झालं

‘मिंट’ १९८६मध्ये गेला. ब्रॅडली सेंटर हे बास्केटबॉलचं स्टेडियम बांधायला तो भाग मोकळा केला. १९८८मध्ये उघडलेलं ते स्टेडियमही तीस वर्षांनी जुनं झालं म्हणून पाडलं. ज्या बारवर ते उभं राहिलं तो बार सदतीस वर्षं चालला होता. शहर नियोजनाच्या वर्गात हे उदाहरण ठेवायला हरकत नाही.

थर्ड वॉर्डातला ‘रेक रूम’ १९७२ ते १९९६. ‘एम अँड एम क्लब’ १९७६ ते २००६. ‘क्लब २१९’ही त्याच सुमारास आटोपला. थर्ड वॉर्डची गत गिरणगावासारखीच: आधी तिथे कोणाला राहायचं नव्हतं, म्हणून गे बारना जागा मिळाल्या, मग गोदामांची आलिशान घरं झाली, आणि ज्यांनी रात्री त्या गल्ल्या जित्या ठेवल्या त्यांना भाडं परवडेना. डाउनटाउनच्या एका ठरीव रस्त्यावरची, आधीपासूनच बरी असलेली जागा या लाटेत फारशी हलली नाही. कुटुंबाचा धंदा, लहान जागा, नोकर मोजके, फॅशनचा खर्च नाही. कधीकधी काळाच्या मागे असणं फायद्याचं पडतं.

वारसा

ज्यून ब्रेम २०१०मध्ये वारली, जो २०१६मध्ये. मुंबईच्या किती इराणी हॉटेलांची कथा इथे संपते ते आपण पाहिलं आहे: पुढच्या पिढीला गल्ल्यावर बसायचं नसतं, जागा विकली की सुटलो. इथे मात्र बारमध्ये काम करून वर आलेला जॉर्ज श्नायडर हा तरुण आधी भागीदार आणि मग मालक झाला. घराबाहेरचा पण बारच्या आतला वारस. लहान धंद्यात याहून चांगली व्यवस्था मला तरी ठाऊक नाही.

काळही उलटला होता. २००६मध्ये विस्कॉन्सिनच्या ५९ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला राज्यघटनेतच बंदी घातली होती. ६ जून २०१४ला न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी ती रद्द ठरवली, आणि त्याच संध्याकाळी मिलवॉकीच्या कोर्टात जोडप्यांची रांग लागली. आता दारू प्यायला वेगळं दार लागेना. कुठल्याही बारमध्ये हात धरून बसता येत होतं. ओळखी फोनवर होऊ लागल्या होत्या. कोट-टायवाल्यांची पिढी म्हातारी झाली होती.

श्नायडरने ओळखलं की नुसत्या संध्याकाळच्या ब्रँडीवर आता भागणार नाही. बारच्या पन्नाशीच्या सुमारास शेजारची जागा घेऊन तो वाढवला. नाचायला जागा, ड्रॅगसाठी, म्हणजे पुरुषांनी बायकी वेशात करायच्या खेळांसाठी, स्टेज. २०२१मध्ये ट्रिक्सी मॅटेल या नावाने टीव्हीवर गाजलेला ड्रॅग कलाकार ब्रायन फर्कस भागीदार म्हणून आला. तो विस्कॉन्सिनच्याच खेड्यातला, मिलवॉकीच्या विद्यापीठात शिकलेला, याच गावात उमेदवारी केलेला. बारचं नाव देशभर झालं. बाहेरगावचे लोक मुद्दाम येऊ लागले.

निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. पण त्याची किंमत समजून घ्यायला हवी. लहान जागेला मंदी सोसते: एक माणूस बारमागे, दिवे चार, भाडं बेताचं. जागा दुप्पट झाली की दारावर माणूस लागतो, ध्वनियंत्रणेवर माणूस लागतो, कलाकारांचं मानधन, विमा, गरम हवेचं बिल, सगळं वाढतं, आणि हे सगळं मंगळवारीही चालूच असतं. मंगळवारचं गिऱ्हाईक मात्र आता शनिवारचं झालेलं.

शेवटची पाच वर्षं

१७ मार्च २०२०ला राज्यातले बार बंद झाले. १३ मेला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचा आदेश रद्द केला आणि त्या रात्री कित्येक गावांतले टॅव्हर्न खचाखच भरले. मिलवॉकी शहराने मात्र आपले निर्बंध चालू ठेवले. उघड-बंद, उघड-बंद. यातली खोच धंदेवाल्यालाच कळते. एकदा दीर्घकाळ बंद राहणं एक वेळ परवडतं. वारंवार उघडून मिटणं नाही. दरवेळी माल भरायचा, बिअरची पिंपं ओतून टाकायची, माणसं परत जमवायची, ती आली की पुन्हा घरी पाठवायची. मदत आणि कर्जं मिळून श्वास चालू राहतो, पण कर्जाचा हप्ता नंतर येतो, तेव्हा मदत नसते.

अशा अवस्थेत २०२४चा उन्हाळा आला. मिलवॉकीत उन्हाळा म्हणजे काय, हे कोकणातल्या खाणावळवाल्याला विचारावं. एप्रिल-मे बुडाला तर त्याचं वर्ष बुडतं. जूनमध्ये तलावकाठी प्राइडफेस्ट, मग समरफेस्ट, बागांतून संगीत, रस्त्यावर टेबलं. नोव्हेंबर ते मार्च गोठलेलं गाव या चार महिन्यांच्या कमाईवर काढायचं. त्याच चार महिन्यांत वेल्स स्ट्रीटवर कुंपण. त्यात जुलैमध्ये रिपब्लिकन पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन शहरात भरलं, ब्रॅडली सेंटरऐवजी त्याच्या शेजारी बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये. शहरभर पाहुणे होते. रस्त्याचं काम करणारं खातं दुष्ट नव्हतं. नळ बदलावेच लागतात, रस्ता करावाच लागतो. पण त्या वेळापत्रकात, चार महिने माणूस चालत आला नाही तर कोणता धंदा जगेल आणि कोणता मरेल, असा रकाना नसतो.

‘लोकांनी स्वीकारलं म्हणून गे बार संपले’ हे उत्तर मी या प्रकरणाला लावणार नाही. स्वीकार २०१४मध्येही होता, फोनवरच्या ओळखी त्याआधी पाच वर्षांपासून होत्या, आणि बार त्यानंतरच वाढवला गेला. त्यांनी उशी पातळ केली हे खरं. पण आदळला तो कर्जावर आणि खणलेल्या रस्त्यावर. हे म्हणणं रुक्ष आहे, कारण स्वीकाराच्या उत्तरात निदान समाधान तरी आहे: काम झालं, जागेची गरज उरली नाही. गरज उरली नव्हती असं शेवटच्या दिवसांत हळहळणाऱ्यांकडे पाहून तरी वाटत नव्हतं.

आता मिलवॉकीतला सगळ्यांत जुना चालू गे बार म्हणजे साउथ सेकंड स्ट्रीटवरचा ‘ला काज’, १९८४चा. त्याच रस्त्यावर चार चौक पुढे ॲलन-ब्रॅडली कारखान्याचा मनोरा उभा आहे. त्यावरचं चौमुखी घड्याळ मक्केचं घड्याळ होईपर्यंत जगात सर्वांत मोठं होतं. आजूबाजूची पोलिश वस्ती त्याला ‘पोलिश चंद्र’ म्हणते. रात्री दोनच्या सुमारास बारच्या दारातून बाहेर पडलं की ते समोर दिसतं, आतल्या घड्याळापेक्षा पंधरा मिनिटं मागे.